खिशाचे फडके

शेजारची सून रविवारी सकाळी केसांत प्लास्टिकची वेटोळी गुंडाळून, वर रुमाल बांधून चहा ढवळीत उभी असते, तेव्हा मला हटकून गोसीखुर्दची आमची माय आठवते. वास्तविक मायचे केस सरळ की कुरळे, हे गावात कुणी पाहिलेही नसावे. डोक्यावरचा पदर ढळला तर वैनगंगेला पूर येईल, अशा बेताने ती वावरे!

नऊवारी लुगड्याचा तो पदर काय काय नव्हता? चुलीवरचे भांडे त्यानेच उतरायचे, माझे नाक त्यानेच पुसायचे, पवनीच्या बाजाराचे पैसे त्याच्याच गाठीत. रोवणीच्या दिवसांत तो कमरेला खोचला जाई आणि डोक्यावर पोत्याची खोळ येई. लुगडे विटले की त्याची चुंबळ होई. केस मोकळे दिसत ते फक्त न्हाण्याच्या दिवशी, परसात. लाकडी फणीतले गुंतवळ ती बोटाला गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचून ठेवी. सुया-बिब्बे विकणारी आली की त्यावर दोन सुया मिळत.

नागपुरात मास्तरीण झाल्यावर पहिल्या पगारातून मी सीताबर्डीवर मायसाठी एप्रन घेतला. निळा, दोन मोठ्या खिशांचा. शिकलेल्या मुलीचा शहाणपणा, दुसरे काय! मायने तो उलटसुलट करून पाहिला.

"यानं डोस्कं कसं झाकाचं, बाई?"

आणि घडी करून ट्रंकेत ठेवला. मला राग आला. पुढे कित्येक वर्षे मी तिच्यासाठी लुगड्याखेरीज काही नेले नाही.

२२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी झाली. आमचे दोन एकरांचे धानाचे वावर पुढे त्यात गेले. नोटिसा, सातबारे, मोजणीचे नकाशे घरात येऊ लागले. मायला अक्षर येत नव्हते. कागद हरवला तर वावर दुसऱ्यांदा जाईल, अशी तिची धास्ती.

ती गेल्यावर मी ट्रंक उघडली. तळाशी एप्रन होता, नाड्यांनी करकचून बांधलेला. एका खिशात सगळे कागद, आले त्या क्रमाने. दुसऱ्यात फणी. तिच्या दातांत पांढरे गुंतवळ तसेच होते. मी ते बोटाला गुंडाळले आणि भिंतीत फट शोधू लागले. घर तोवर सिमेंटचे झाले होते.