मामा तलावावरची टगबोट

नागपुरात बोट सोडायला पाणी नाही असं नाही. फुटाळा आहे, अंबाझरी आहे. पण रिमोटवरची मॉडेल बोट चालवायची तर पाणी मोकळं हवं, काठ उतरता हवा आणि पाठीमागे रेटारेटी नको. माझी आत्या भंडाऱ्याची. लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या तिच्याकडे गेल्यामुळे असं पाणी त्या जिल्ह्यात गावोगाव आहे हे मला ठाऊक होतं. दिवाळीची सुट्टी लागली, भाऊबीज आटोपली आणि लेकीला, तिच्या बोटीला घेऊन निघालो. लेक दहा वर्षांची, बोट दोन फुटांची.

बोट दुकानातली नव्हती. कॉलेजात मी एनसीसीच्या नौदल शाखेत होतो. तिथे जहाजांची मॉडेल बनवण्याची स्पर्धा असते, आणि प्लायवूड कापून, घासून, सांगाड्यावर पातळ पट्ट्या चढवायची कला हातात बसली ती तेव्हापासून. पावसाळाभर आम्ही दोघांनी मिळून ही टगबोट केली. बंदरात मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी, बुटकी, रुंद, दांडगी. वेगाची लाल-पिवळी स्पीडबोट घेऊ, असा लेकीचा सुरुवातीला हट्ट होता. मी टगवर अडून बसलो, कारण मुलाच्या हातात पहिली बोट सावकाश चालणारी असावी या मताचा मी आहे. सुसाट बोट डोळ्यांदेखत निघून जाते; सावकाश बोट वळताना दिसते, पाणी कसं कापते ते दिसतं, आणि सुकाणू उशिरा लागू होतं हे मुलाला आपोआप कळतं. शिवाय त्यात गणित आहे. मॉडेल खऱ्या जहाजाच्या पंचविसाव्या हिश्शाचं असेल, तर त्याचा वेग खऱ्याच्या पाचव्या हिश्शाइतका ठेवायचा. मग नाळेपुढची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची, लाट अगदी खऱ्यासारखी उठते. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने हा नियम मांडला आणि १८७० च्या दशकात टॉर्की गावी लांबलचक टाकी बांधून त्यात मॉडेल ओढून पाहिली. आपल्याकडे १९१६ साली सुरू झालेल्या आणि आता खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नद्यांचा अभ्यास चालतो. बंदरं आणि धरणांची मॉडेल तिथेही पाण्यात घालून पारखतात. हा खेळ पोरकट समजणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवतो.

नागपूर ते भंडारा साठेक किलोमीटर. मौद्याजवळ कन्हान ओलांडली की दोन्ही हातांना धानाच्या बांध्या सुरू होतात. हलका धान कापून झाला होता, भारी धान अजून पिवळा उभा होता. वाटेत उकडलेले शिंगाडे घेतले. पाण्यात वेल असते, फळ पानांच्या खाली लागतं, काढणारा माणूस पाण्यात उतरतो, हे सगळं सांगेपर्यंत लेकीने पुडी संपवली होती.

भंडारा शहर ओलांडून आधी कारध्याच्या पुलावर गेलो. वैनगंगा तिथे नदीसारखी दिसत नाही. खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्दचं धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी त्याचं भूमिपूजन केलं. त्या धरणाचा फुगवटा वर भंडाऱ्यापर्यंत येतो आणि नदी सरोवरासारखी पसरून बसते. लेकीला वाटलं, हेच आपलं पाणी. मी नाही म्हटलं. वरून निवांत दिसणाऱ्या पाण्यालाही आत ओढ असते, आणि मॉडेलचा सिग्नल तुटला तर बोट धारेला लागते. चांगल्या रिमोटमध्ये सिग्नल गेला की मोटर आपोआप थांबायची सोय असते. तलावात अशी थांबलेली बोट वाऱ्याने हळूहळू कुठल्या तरी काठाला लागते. नदीत ती पवनीच्या दिशेने जाते.

रात्री आत्याच्या अंगणात पितळी घंगाळात बोट तरंगवून पाहिली. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. स्टीलने तो धंदा पुष्कळ बसवला, तरी जुन्या घरांतून गुंड, घंगाळ, परात अजून वापरात आहेत. पाच मिनिटांत बोटीच्या तळाशी चमचाभर पाणी जमा झालं. मोटरचा दांडा ज्या नळीतून बाहेर पंख्यापर्यंत जातो, त्या नळीत ग्रीस भरायला एक बारीक उभी नळी जोडलेली असते. प्रवासातल्या हादऱ्यांनी तो सांधा उकलला होता. ती नळी पितळेचीच. पितळ पाण्यात गंजत नाही म्हणून बहुतेक मॉडेल बोटींना पितळी नळी घालतात. आणि पितळेचा सांधा जोडायला भंडाऱ्याइतकी चांगली जागा कुठली!

सकाळी एका तांबटाकडे गेलो. म्हातारा माणूस, समोर राखेत लाल झालेले निखारे. बोट त्याने दोन्ही हातांनी उचलली, आत डोकावला आणि विचारलं, "लाकूड जळन ना जी?" मी म्हटलं, तीच भीती आहे. त्याने एक फडकं भिजवून पिळलं आणि नळीभोवती, लाकडाला टेकून, नीट गुंडाळलं. सांधा कानशीने घासून पिवळाधमक केला. तापलेली डागणी नवसागराच्या खड्यावर ओढली, पांढरा धूर उठला. मग डागणीच्या टोकावर कथलाचा थेंब घेऊन सांध्याला क्षणभर टेकवला. थेंब चपटा होऊन सांध्याभोवती धावत गेला आणि गोठला. लेक श्वास रोखून बघत होती. तांबटाने पैसे घेतले नाहीत. "पान्यात गेली का सांगजो" म्हणाला.

दुपारी रावणवाडीला गेलो. जंगलाच्या कुशीतला हा जलाशय भंडाऱ्यापासून जवळ, सहलीला लोक जातात. पाणी देखणं, पण त्या दिवशी वारा होता आणि छोट्या आखूड लाटा काठावर आपटत होत्या. माणसाला त्या लाटा जाणवतसुद्धा नाहीत. दोन फुटांच्या बोटीला त्या समुद्रासारख्या. टग मात्र दबली नाही. नाळ वर, नाळ खाली, डेकवरून पाणी वाहून जातंय, आणि ती चालतेय. लेकीला तिथे एक महत्त्वाची गोष्ट जमली. बोट दूर जाताना उजवी कळ उजवीकडे वळवते, पण आपल्याकडे तोंड करून येताना तीच बोट आपल्या डावीकडे जाते. नवशिक्याला इथे हमखास घोटाळा होतो. "तू काठावर नाहीस, बोटीत उभी आहेस असं धर," एवढंच मी म्हटलं. थोड्या वेळाने ती काही बोलेनाशी झाली आणि बोट सरळ तिच्या पायाशी आली.

काठावर डबा खाताना तिने विचारलं, हे पहिल्यांदा कुणी केलं? निकोला टेस्लाने, १८९८ साली, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात लोखंडी बोट सोडून. तारेविना चालणारी बोट लोकांनी कधी पाहिलीच नव्हती. टेस्ला बोटीलाच प्रश्न विचारायला सांगायचा. कुणी ६४ चं घनमूळ विचारलं तर बोटीवरचा दिवा चारदा लुकलुकायचा, असं सांगतात. त्याच्या तीन वर्षं आधी, १८९५ मध्ये, कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींपलीकडे बिनतारी लहरींनी घंटा वाजवली होती आणि बंदुकीची दारू पेटवली होती. आपल्या हातातला रिमोट त्याच घराण्यातला आहे, हे मुलांना सांगितलं पाहिजे.

पण ज्यासाठी मी आलो होतो ते पाणी दुसऱ्या दिवशी भेटलं. लाखनी ओलांडून साकोलीकडे जाताना आत वळल्यावर एक गाव आहे. तिथल्या मच्छीमार मंडळींची इच्छा होती म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. गावाला लागून मातीची उंच पाळ, पाळीवर मोहाची आणि जांभळाची झाडं, आणि पलीकडे तलाव. सरकारी भाषेत माजी मालगुजारी तलाव. लोक मामा तलाव म्हणतात. असे हजारो तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत आहेत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधील त्याला खालची जमीन, असा रिवाज होता. कोहळी समाज या कामात वाकबगार. जमिनीचा उतार नजरेने जोखून त्यांनी पाळी घातल्या, पाणी सोडायला तुडूम ठेवलं, जादा पाणी वाहून जायला सलंग ठेवली. एका तलावाची सलंग खालच्या तलावाला पाणी देते, त्याची त्याच्या खालच्याला. पुढे हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात गेले. मालगुजारी गेली १९५१ ला. तलाव सरकारजमा झाले, देखभाल पुढे जिल्हा परिषदेकडे आली, आणि जी पाळ गाव दर उन्हाळ्यात आपली म्हणून सारवायचं तिला हळूहळू कुणी वाली उरला नाही. गाळ साचत गेला.

पाळीवरून उतरलो तेव्हा एक ढिवर काका जाळं पसरून फाटलेले डोळे विणत बसले होते. परवानगी विचारली. "सोडा ना जी, तलाव का पळून जाते?" म्हणाले, आणि हाताने दाखवलं: या बाजूने सोडा, त्या बाजूला जाळं लागलं आहे, आणखी पुढे देवधानात, म्हणजे पाण्यातल्या रानटी धानात, अडई बदकं बसली आहेत, तिकडे नेऊ नका. लेकीने सगळं ऐकून घेतलं. पाणी आरशासारखं होतं. टग निघाली, मागे दोन रेघांची सुबक खूण सोडत. पाहता पाहता गावातली पोट्टी जमली.

तलावाच्या मध्यावर बोट थांबली. मोटर गुणगुणत होती, बोट हलत नव्हती. काका उठले, डोंगा ढकलला आणि सावकाश वल्हवत जाऊन बोट घेऊन आले. पंख्याला आणि दांड्याला एक हिरवं, लवलवीत, बारीक पानांचं झाड घट्ट गुंडाळलं होतं. "चिला," काका म्हणाले, आणि नखाने एकेक वेढा सोडवू लागले. चिला वाईट नाही, हे त्यांनीच लेकीला समजावलं. तो पाण्याखाली असतो, मासोळ्यांची पिल्लं त्यात लपतात. चिला, देवधान गेलं की मरळसुद्धा जाते. वाईट आहे ते बेशरम. काठाने वाढलेली जांभळट फुलांची ती दाट झुडपं त्यांनी दाखवली. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती कापली तरी फुटते, जनावरं खात नाहीत, आणि तिच्यामुळे काठ उथळ होत जातो. "आमच्या आज्याच्या वेळेस इथं पान्याला हात लावून बसता येत होतं," ते म्हणाले. आता काठ सापडायला झुडपं बाजूला सारावी लागतात. जिल्ह्यात आणि शेजारच्या गोंदियात काही गावांनी उन्हाळ्यात पाणी आटल्यावर बेशरम मुळासकट उपटलं, माती नांगरली आणि जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तिथे देशी मासे परत आले. या गावातही लोक तसं बोलत होते.

मग काकांनीच एक गोष्ट सुचवली. टगबोट ओढते ना? तर जाळ्याच्या नायलॉन दोराचं टोक तिला बांधायचं आणि चिल्याच्या दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या पाण्यातून पलीकडे न्यायचं. डोंगा नेला की मासे बुजतात. लेकीने दोराचं टोक स्वतः गाठ मारून टगच्या मागच्या खुंटीला बांधलं. बोट निघाली तशी दोराच्या वजनाने मागे बसली, नाळ वर आली, पंख्यामागे पाणी उकळू लागलं. वेग निम्मा झाला. लेकीने कळ सोडली नाही, वाढवलीही नाही. दोर पाण्यावर ताणत जाऊ दिला. पलीकडे उभ्या असलेल्या पोराने गुडघाभर पाण्यात शिरून टोक धरलं तेव्हा या काठावर एकच आरडाओरडा झाला. खेळण्याने खरं काम केलं होतं. त्यानंतर प्रत्येक पोट्ट्याला पाळीपाळीने रिमोट मिळाला, आणि "दूर जाताना उजवं, येताना डावं" हे शिकवायला लेक होती.

संध्याकाळी त्याच गावात मंडई होती. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. लेकीला पत्र्याची फटफट बोट मिळाली, तेलाच्या दिव्यावर चालणारी. दंडार, म्हणजे इथलं लोकनाट्य, रात्री उशिरा सुरू झाली. ती बघून परतलो.

तुम्हालाही मुलांना घेऊन जायचं असेल तर काही गोष्टी सांगतो. दिवाळीच्या आसपास जा; थंडी वाढली की पाहुणी बदकं उतरतात, मग त्यांच्या तलावांवर बोट नेऊ नका. पेट्रोलचं इंजिन अजिबात नको, बॅटरीवरचीच बोट न्या. पाळीवर चढण्याआधी गावातल्या मच्छीमार संस्थेला विचारा, जाळी कुठे आहेत ते समजून घ्या, अंगावर लाइफ जॅकेट असल्याशिवाय मुलाला पाण्यात उतरू देऊ नका. आणि एकदा मे महिन्यात, बोट घरी ठेवून, हातमोजे घेऊन जा. गाव बेशरम उपटायला उतरतं तेव्हा हात कमी पडतात.