अरबी भाषकाची इंग्रजी वही

आपल्या या साप्ताहिकाच्या वाचकांत असे कुटुंब विरळाच असेल की ज्यातील कोणी ना कोणी कुवेत, मस्कत, बहारीन अथवा दुबई येथे नोकरीस गेलेले नाही. सुटीवर घरी आलेले हे आपले पुत्र 'यल्ला', 'खलास', 'माफी मुश्किला' असे शब्द बरोबर घेऊन येतात आणि घरातील मुले ते चार दिवसांत उचलतात. परंतु तेथील मालकाशी, मुकादमाशी, दवाखान्यातील बाईशी त्यांचा खरा व्यवहार चालतो तो इंग्रजीत. म्हणजे आपला मुलगा उसन्या भाषेत बोलत असतो आणि समोरचा अरबही उसन्याच भाषेत उत्तर देत असतो. आपल्याला इंग्रजी किती जड गेली हे आपण जाणतो. अरबी ज्याची मायबोली आहे त्याला ती कोठे आणि का अडते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आम्हालाही तो सुचला नसता. पण 2021 ते 2024 या काळात आम्ही हैदराबादेस साहाय्यक धर्मगुरू होतो आणि तेथे तो विषय आपण होऊन आमच्या दाराशी आला.

हैदराबादेस अरबी माणसे नवी नव्हेत. निजामाच्या फौजेत चाकरीस आलेल्या हद्रामौतच्या अरबांचे वंशज आजही बारकस या वस्तीत नांदत आहेत. अलीकडे त्यांत भर पडली आहे ती सुदान, येमेन, इराक येथून शिक्षणासाठी येणाऱ्या तरुणांची. असाच एक सुदानी तरुण, खार्टूमचा आणि जन्माने कॅथॉलिक, रविवारच्या इंग्रजी मिस्सेला मागच्या बाकावर येऊन बसू लागला. औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी होता. मिस्सेतील प्रत्येक हालचाल त्याला ठाऊक होती, परंतु प्रवचन सुरू झाले की त्याची मान खाली जाई. ओळख झाल्यावर तो आम्हाला 'अबूना' म्हणू लागला. अरबी भाषक ख्रिस्ती लोक धर्मगुरूस असेच संबोधतात; त्याचा अर्थ 'आमचा बाप'. पुढे दर गुरुवारी सायंकाळी तो वही घेऊन आमच्याकडे येत असे.

सुदानात एके काळी उच्च शिक्षण इंग्रजीतून मिळे. 1990 साली विद्यापीठांचे माध्यम अरबी करण्याचे धोरण आले. स्वभाषेतून शिकावे हे योग्यच. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण परदेशी गेलेल्या मुलावर त्याचा परिणाम असा होतो की, विषय त्याला समजलेला असतो आणि त्या विषयाचे शब्द मात्र नसतात. या मुलाला महाविद्यालयातील एका शिक्षकांनी सर्वांदेखत मठ्ठ म्हटले होते. तो मठ्ठ नव्हता हे आम्हाला दोन गुरुवारांत कळून चुकले.

त्याची अडचण निराळी होती, आणि ती समजण्यासाठी अरबी शब्द कसा घडतो हे थोडे पाहिले पाहिजे. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून निघतात. क-त-ब हा लिहिण्याचा धातू. त्यातून किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लेखक, मकतब म्हणजे कचेरी, मकतबा म्हणजे ग्रंथालय, मकतूब म्हणजे लिहिलेले. एक धातू हाती आला की सगळे गणगोत मागोमाग येते. आता हेच इंग्रजीत पाहा: बुक, रायटर, ऑफिस, लायब्ररी, रिटन. रायटर आणि रिटन एवढी दोन भावंडे सोडली तर कोणाचा कोणाशी संबंध नाही. जो मुलगा जन्मापासून शब्दांना नात्याने ओळखत आला, त्याला येथे प्रत्येक शब्द परक्यासारखा वेगळा पाठ करावा लागतो.

आणि वाचकहो, हे गणगोत आपल्याही घरात आहे, फक्त आपण त्याची चौकशी केलेली नाही. 'नजर' हा शब्द आपण रोज वापरतो. कोर्टातील 'नाझर' आपल्याला ठाऊक आहे. अर्ज 'मंजूर' झाला की आपण पेढे वाटतो. हे तिन्ही शब्द 'पाहणे' या एकाच अरबी धातूचे. तसेच 'हासील' आणि 'महसूल', तसेच 'हुकूम' आणि 'हाकिम'. आम्ही हे शब्द त्या मुलाला म्हणून दाखविले, तेव्हा तो खुर्चीवरून उठलाच. आमच्या खेडेगावातील तलाठी दिवसभर त्याच्या आजोबांचे शब्द बोलत असतो, याचे त्याला फार नवल वाटले.

त्याची दुसरी अडचण डोळ्यांची होती. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते हे सर्वांना माहीत असते. त्याची सवय लवकर मोडते. खरी गोष्ट ही की, त्या लिपीत ऱ्हस्व स्वर एरवी लिहीतच नाहीत. वाचणारा व्यंजनांचा सांगाडा पाहतो आणि संदर्भावरून स्वर भरतो. आपली जुनी मोडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याची किंचित कल्पना येईल, कारण मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे, तरी वाचणारा बरोबर वाचीत असे. ही सवय इंग्रजीत नडते. बॅट, बेट, बिट, बट, बोट, बूट या साऱ्यांत अरबी डोळ्याला प्रथम दिसते ते ब आणि ट. आमचा विद्यार्थी 'हार्ट' म्हणजे हृदय आणि 'हर्ट' म्हणजे दुखापत यांची सतत गल्लत करी. 'लिव्हर'च्या जागी तो एकदा 'लव्हर' लिहून आला. वर्गात त्यावर काय हशा झाला असेल ते सांगावयास नको.

1991 साली ॲन रायन व पॉल मीरा या अभ्यासकांनी याची परीक्षाच पाहिली होती. इंग्रजी शिकणाऱ्यांना एक शब्द दाखवावयाचा, मग तोच शब्द पुन्हा दाखवावयाचा, पण कधी जसाच्या तसा तर कधी एक स्वर गाळून. आणि काही बदलले काय, असे विचारावयाचे. इतर भाषांच्या विद्यार्थ्यांपेक्षा अरबी भाषकांच्या चुका पुष्कळच अधिक झाल्या. गळालेला स्वर त्यांना गळाल्यासारखा दिसलाच नाही. हे आम्ही त्या मुलाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, "अबूना, म्हणजे हा दोष माझ्या डोक्याचा नाही."

उपाय त्यानेच शोधला. अरबीतील अगदी प्राचीन धर्मग्रंथांच्या हस्तलिखितांत वाचणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून स्वर तांबड्या ठिपक्यांनी दाखवीत असत. त्याने एक तांबडी पेन्सिल आणली. वहीत इंग्रजी शब्द लिहिताना व्यंजने निळ्या शाईने आणि स्वर तांबड्या पेन्सिलीने लिहावयाचे, असा परिपाठ त्याने ठेवला. ती वही आम्ही महिनोन्महिने पाहिली आहे. पहिल्या पानांवर तांबडे ठिकठिकाणी खोडलेले आहे. पुढे पुढे खाडाखोड कमी होत गेली आहे.

जिभेची अडचण त्यामानाने हलकी. अरबीत 'प' नाही. म्हणून संत पेत्र तेथे 'बुत्रुस' होतात, संत पौल 'बूलुस' होतात, आणि रोमच्या पोपमहाशयांना 'बाबा' म्हणतात, जे आम्हाला तर फारच गोड वाटले. पण औषधाच्या दुकानात 'पिल' आणि 'बिल' यांत अंतर असलेच पाहिजे. ओठांपुढे कागदाचा कपटा धरून तो 'प' म्हणे. कपटा हलला तर 'प', न हलला तर 'ब'. हा जुना उपाय आहे आणि चांगला आहे. शब्दाच्या आरंभी जोडाक्षर आले की तो पुढे एक 'इ' लावी, 'इस्ट्रीट', 'इस्प्रिंग'. त्यावर आम्ही हसलो नाही, कारण आमच्याकडे 'इस्टेशन' आणि 'इस्कूल' म्हणणारी मंडळी अजून हयात आहेत.

शब्द वाढवावयाचे कसे, याविषयी आमची मते आता ठाम झाली आहेत. पूर्वी बंगालात शिक्षणखात्यात असलेले मायकेल वेस्ट यांनी 1953 साली नित्योपयोगी सुमारे 2000 इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. कोठून आरंभ करावा हे ठरविण्यास अशी यादी उपयोगी पडते. परंतु यादी पाठ करणे म्हणजे जत्रेतील माणसांची नावे पाठ करणे होय. त्यातला कोणी उद्या दारात आला तर आपण त्याला ओळखणार नाही. एका भेटीत ओळख होत नाही. तोच शब्द निराळ्या वाक्यात, निराळ्या दिवशी, पुन्हा पुन्हा भेटावा लागतो, आणि तोही आपण विसरण्याच्या बेतात असताना भेटला तर फार उत्तम.

म्हणून आम्ही त्याला मार्ककृत शुभवर्तमान दिले. ते चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, सोळा अध्यायांचे. वाक्ये आखूड, आणि तेच तेच शब्द परत येणारे. त्याला ते अरबीत जवळजवळ मुखोद्गत होते, त्यामुळे गोष्ट ओळखीची आणि शब्द तेवढे नवे, असा योग जुळला. संत मार्क यांना सर्व काही 'तत्काळ' घडविण्याची हौस फार. म्हणून 'तत्काळ'चा इंग्रजी शब्द त्याला आठवड्याभरात कायमचा आला. नाव, जाळे, कोढी, खाट, छप्पर, भाकर, टोपली हे शब्दही त्याने तेथेच मिळविले. औषधशास्त्राला टोपलीचा काय उपयोग, असे कोणी विचारील. पण ज्याला टोपली म्हणता येत नाही त्याला रुग्णाशी दोन शब्द बोलताही येत नाहीत.

एका गुरुवारी मात्र शिकविण्याची बाजू उलटली. त्याच्या पुस्तकातील शब्द आम्ही कोशात पाहत होतो. 'सिरप' निघाला अरबी 'शराब' या शब्दापासून, ज्याचा मूळ अर्थ नुसते पेय. आपले सरबत त्याच धातूचे. 'अल्कली' अरबी. 'एलिक्झिर' अरबी. 'ॲल्कोहोल' तर 'अल्-कुह्ल' म्हणजे डोळ्यांत घालावयाचा सुरमा! तेथून तो शब्द फिरत फिरत बाटलीत कसा गेला ही एक वेगळीच कथा आहे. 'कॉटन' अरबी, 'झिरो' आणि 'सायफर' हे दोन्ही एकाच अरबी 'सिफ्र'चे पुत्र. 'शुगर' हा अरबी 'सुक्कर', परंतु अरबांनी तो इराणातून घेतला आणि इराणने आपल्या 'शर्करे'वरून. म्हणजे आपली साखर आणि इंग्रजांची शुगर या चुलत बहिणी. त्या रात्री तो मुलगा नऊ वाजून गेले तरी उठेना. ज्या भाषेपुढे आपण दोन वर्षे भिकाऱ्यासारखे उभे आहोत तिच्या कोठारात आपल्याच घरची भांडी आहेत, हे त्याला प्रथमच दिसले होते. त्यानंतर तो वर्गात पहिल्या बाकावर बसू लागला, असे त्याच्या सोबत्यांनी आम्हाला सांगितले.

15 एप्रिल 2023 रोजी खार्टूममध्ये सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. त्याची आई व बहीण त्याच शहरात होत्या. फोन लागेना. पुढचे कित्येक गुरुवार आम्ही कोणताही पाठ घेतला नाही. तो येई, बसे, वहीही आणी, पण उघडत नसे. मग पैशांचा प्रश्न आला, राहण्याच्या परवान्याचा आला, आणि इंग्रजी अर्जांवर अर्ज लिहावे लागले. कोणत्याही यादीत नसलेले शब्द आता त्याला हवे होते: विस्थापित, तोफमारा, बेपत्ता, मुदतवाढ. एका अर्जात एक रकाना होता, 'नेक्स्ट ऑफ किन'. 'नेक्स्ट' त्याला येत होते, 'किन' येत नव्हते. जवळचा आप्त, असे आम्ही सांगताच तो म्हणाला, अरबीत 'करीब' म्हणजे जवळचा आणि 'करीब' म्हणजेच नातलगही. त्याने रकान्यात आईचे नाव लिहिले, आणि पत्त्याची जागा कोरी सोडली.

त्याच्या गळ्यात संत जोसेफिन बखिता यांचे पदक असे. सुमारे 1869 साली सुदानच्या दारफूर प्रांतात जन्मलेली ही मुलगी गुलाम करून विकली गेली आणि त्या भयात स्वतःचे नावच विसरली. 'बखिता' म्हणजे भाग्यवती. हे अरबी नाव तिला पळविणाऱ्यांनी ठेवलेले. पुढे इटलीत, वयात आल्यावर, तिने नवी भाषा कानाने उचलली, 1890 साली बाप्तिस्मा घेतला, कनोशियन भगिनी झाली, आणि 1947 साली निवर्तली. 2000 साली तिला संतपद मिळाले. तिची भाषा शेवटपर्यंत मोडकी होती म्हणतात. तरी तिच्याशी बोलावयास लोक दाराशी येत. हे त्या मुलाने आम्हाला सांगितले, आम्ही त्याला नव्हे.

आई आणि बहीण त्या वर्षाच्या अखेरीस कैरोस सुखरूप पोहोचल्या. तो पदवी घेऊन आता एका औषधालयात काम करतो. आमची बदली झाली तरी त्याचे संदेश येत असतात. बहिणीला इंग्रजी तोच शिकवितो, फोनवरून, तांबड्या पेन्सिलीसकट. परवा तिने विचारले की, 'हार्ट' या शब्दात 'ई' हे अक्षर लिहितात, मग ते ऐकू का येत नाही. त्याने तो प्रश्न आमच्याकडे धाडला. आम्ही कळविले: कारण तुला पुढे केव्हातरी सांगू, तूर्त तिला म्हणावे, ते अक्षर तांबड्यानेच लिही, फक्त उच्चारू नकोस.