नोंद आणि चित्र

डोंबिवलीच्या एका तरुण चित्रकाराने गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे आपला मोबाईल धरला आणि अभिमानाने म्हणाला, "फादर, हे चित्र माझ्या नावावर कायमचे नोंदले गेले आहे." पडद्यावर कल्याण स्थानकातील पहाटेची गर्दी होती, संगणकावर रंगविलेली, पण प्रत्येक चेहरा निराळा. 2021 साली त्याने ते 'ब्लॉकचेन'वर नोंदविले होते.

ही नोंद म्हणजे काय, हे समजून घेताना मला आमच्या कार्यालयातील बाप्तिस्म्याची वही आठवली. तिच्यातील ओळ कोणी खोडत नाही. पुढे दृढीकरण वा विवाह झाला की समासात भर पडते. ब्लॉकचेनही अशीच एक वही आहे. मात्र तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असल्याने एकट्यादुकट्याला तिच्यात फेरफार करता येत नाही. चित्राची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, हे ती सांगते. चित्र स्वतः बहुधा तिच्यात नसते. असतो तो केवळ त्याचा पत्ता. त्या पत्त्यावरचे घर पडले, तरी वहीतील ओळ तशीच राहते!

11 मार्च 2021 रोजी क्रिस्टीजच्या लिलावात बीपल या अमेरिकन चित्रकाराच्या 5000 चित्रांच्या एकत्रित कलाकृतीला सुमारे 6 कोटी 93 लाख डॉलर मिळाले. घेणारे विघ्नेश सुंदरेशन मूळचे भारतीय. ती बातमी वाचून आमच्या तरुणानेही आपली बचत नोंदणीच्या शुल्कात घातली. 2022 मध्ये बाजार ओसरला आणि त्याच्या चित्राला गिऱ्हाईक मिळाले नाही. रेल्वेतून निवृत्त झालेले त्याचे वडील त्याला 'हवेतले चित्र' म्हणत.

तथापि, 2023 साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने अशा 18 कलाकृती संग्रहात घेऊन दालनात मांडल्या. त्या उदाहरणाने धीर येऊन आमच्या तरुणाने दोन मित्रांसह ठाण्यात एक लहानसे सभागृह भाड्याने घेतले. चौकटीत पडदे बसविले. खाली क्यूआरचा चौकोन, ज्यावर मोबाईल धरला की नोंद दिसे.

वडील आले. त्या चौकोनाकडे त्यांनी पाहिलेही नाही. कल्याणच्या चित्रापुढे मात्र बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "घड्याळ या बाजूला नव्हते रे."

"पप्पा, नोंदलेले चित्र आता बदलता येत नाही."

"मग दुसरे काढ. मी सांगतो कुठे काय होते ते."

इतक्या वर्षांत बापलेक त्या चित्राविषयी प्रथमच बोलत होते. जगभरच्या हजारो संगणकांना जे साधले नाही, ते एका भिंतीने साधले.

त्या रविवारी एका बाळाचे नाव मी वहीत लिहिले. ओळ पूर्ण झाली. बाळ मात्र बाहेर आजीच्या खांद्यावर मोठ्याने रडत होते. मी वही मिटली आणि त्याला पाहायला बाहेर गेलो.