कुसवाआडचा मळा आणि भिंतीवरची नावे

१/ इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, मेव्हागिसी या कोळ्यांच्या गावाजवळ हेलिगन ही ट्रेमेन घराण्याची जुनी इस्टेट आहे. वाड्याच्या मुदपाकखान्याला लागणारी भाजी आणि फळे तेथे उंच कुसवाआडच्या मळ्यांत पिकत. पहिल्या महायुद्धापूर्वी या बागांत २२ माळी राबत होते.

२/ हे कुसू केवळ राखणीसाठी नव्हते. ते वारा अडवी, दिवसा ऊन शोषून घेई आणि रात्री तीच ऊब परत देई. म्हणूनच पीचसारखी नाजूक झाडे दक्षिणाभिमुख भिंतीला बांधून पंख्यासारखी पसरवीत.

३/ याच आवारात अननसाचा खड्डा आहे. दक्षिण अमेरिकेतील हे फळ पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात आणले. मराठीतला ‘अननस’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला. कोकण-गोव्यात ते उघड्यावर पिकते. कॉर्नवॉलच्या थंडीत मात्र त्याला काचेचे छप्पर आणि खालून ऊब लागे. दोन्ही बाजूंच्या चरांत घोड्यांची ताजी लीद भरत. कच्चे खत तापते, हे आपला शेतकरीही जाणतो. ती उष्णता विटांमधील फटींतून झाडांपर्यंत पोहोचे. लीद थंडावण्याआधी बदलावी लागे. ती वेळ माळ्याच्या हाताला कळे.

४/ ऑगस्ट १९१४. युद्धाला तोंड फुटले. त्या महिन्यात बागेतील माणसांनी आपल्या शौचकूपाच्या भिंतीवर पेन्सिलीने नावे लिहिली. पुढे त्यांपैकी अनेक जण आघाडीवर गेले. कित्येक परतले नाहीत.

५/ मळ्यांवर झुडपे माजली, काचगृहे कोसळली. १९९० मध्ये घराण्याचे वंशज जॉन विलिस यांच्यासह टिम स्मिट त्या रानात शिरले. ढासळलेल्या बांधकामाआड ती लहानशी खोली सापडली आणि जीर्णोद्धाराला दिशा मिळाली: बाग उभारायची ती मालकांच्या नव्हे, माळ्यांच्या स्मरणार्थ. १९९२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली.

६/ भिंती गवंड्याला पुन्हा बांधता आल्या. हातातली विद्या मात्र हातांबरोबरच गेली होती. लिदीचा खड्डा पुन्हा पेटता करण्यासाठी नव्या माळ्यांना चुकत-माकत शिकावे लागले. १९९७ मध्ये पहिला अननस पिकला.

७/ आज तेथे जाणारा प्रवासी आधी वाफ्यांतली हिरवाई पाहतो, मग खड्ड्यातले अननस. त्यानंतर तो त्या अरुंद खोलीच्या दाराशी थबकतो. इस्टेटींच्या इतिहासात मालकांची नावे ठळक असतात. येथे मात्र अक्षरे माळ्यांची आहेत, फिकट झालेली. २०१३ मध्ये इम्पीरियल वॉर म्युझियमने या खोलीला ‘जिवंत स्मारक’ म्हणून मान्यता दिली. बाहेर नव्या पिढीचे माळी आजही लीद बदलत असतात.