अलास्का, व्हाया जर्सी सिटी

बाहेरून भाजलेलं, आतून गोठलेलं... न्यूयॉर्कच्या एका जुन्या, नखरेल डेझर्टची आणि ते आपल्या किचनमध्ये चक्क बिनअंड्याचं करण्याच्या उपद्व्यापाची ही गोष्ट!

मॅनहॅटनचं खालचं टोक म्हणजे आम्हा ऑनसाइटवाल्यांचं दादर स्टेशन. सकाळी जर्सी सिटीच्या ग्रोव्ह स्ट्रीटला पाथ ट्रेन पकडायची, हडसन नदीच्या पोटातून दोनच स्टेशनं, की वर्ल्ड ट्रेड सेंटर. हातात कॉफी, गळ्यात आयकार्ड आणि चेहऱ्यावर सोमवार. फरक एवढाच की इथे कुणी धक्का मारला तर सॉरी म्हणतो.

या गर्दीतून वॉल स्ट्रीट ओलांडून जरा खाली गेलात की बीव्हर स्ट्रीट लागते. तीन रस्त्यांच्या बेचक्यात, कोपऱ्याला गोलाई दिलेली एक जुनी इमारत उभी आहे. दारावर खांब. ते थेट पॉम्पेईहून आणले असं म्हणतात. पाटी ‘डेल्मोनिकोज’. मी दोन वर्षं रोज लंच अवरला तिच्यासमोरून सँडविच खात जात होते. आत जायचं धाडस नाही. म्हणजे खिशाचं!

ते २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केलं. कारण आई आली होती.

बाबा २०२२ मध्ये गेले. त्यानंतर डोंबिवलीच्या घरात आई एकटी. "थोडे दिवस माझ्याकडे ये" असं म्हणत म्हणत मी तिला ऑगस्टमध्ये आणलं, परतीचं तिकीट नोव्हेंबरअखेरचं. मनात फुल्ल प्लॅन होता : स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, नायगरा, आउटलेट मॉल. प्रत्यक्षात काय झालं, तर मी सकाळी आठला बाहेर आणि रात्री आठला घरात. आई बाविसाव्या मजल्याच्या खिडकीत, नदीकडे बघत. एकटी खाली उतरायची नाही. "इंग्लिशमध्ये काही विचारलं तर?" फोडणी घातली की छताला चिकटलेला स्मोक अलार्म बोंबलायचा, म्हणून तिने फोडणीसुद्धा अर्ध्यावर आणली होती. माझी आई आणि अर्धी फोडणी! तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तर तिच्या वाढदिवसाला, कोजागिरीच्या आदल्या दिवशी, मी टेबल बुक केलं.

बर्फाचा तुकडा, ७२ लाखांना

डेल्मोनिको बंधू मूळचे स्वित्झर्लंडचे. १८२७ मध्ये त्यांनी इथल्या विल्यम स्ट्रीटवर छोटं कॅफे टाकलं आणि १८३७ मध्ये या कोपऱ्यावर आले. आत्ताची इमारत १८९१ ची. दारूबंदीने कंबरडं मोडलं आणि १९२३ मध्ये त्या घराण्याचा कारभार आटोपला. नंतर वेगवेगळ्या लोकांनी तेच नाव पुढे चालवलं. २०२० मध्ये कोरोनाने पुन्हा शटर खाली, ते २०२३ मध्ये परत वर. थोडक्यात, पडून पुन्हा उभं राहायची सवय असलेली जागा.

इथलाच एक दादा शेफ म्हणजे चार्ल्स रॅनहॉफर. हा फ्रेंच गृहस्थ १८६२ मध्ये डेल्मोनिकोजमध्ये आला. पुढे १८६७ मध्ये अमेरिकेने रशियाकडून अलास्का विकत घेतलं, ७२ लाख डॉलरला. लोकांनी खिल्ली उडवली, एवढा पैसा बर्फात घातला म्हणून. आख्यायिका अशी की रॅनहॉफरने या खरेदीच्या सन्मानार्थ एक डेझर्ट काढलं : खाली केक, वर आइस्क्रीम, त्यावर फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची आणि साखरेची जाड शाल, आणि हे सगळं कडक आचेत घालून वरून भाजायचं. हेच ते बेक्ड अलास्का. आख्यायिकेचं सोडा, पण १८९४ च्या त्याच्या ‘द एपिक्युरिअन’ या जाडजूड पुस्तकात ही कृती आहे आणि तिथे तिचं नाव आहे ‘अलास्का, फ्लोरिडा’. एक टोक गोठलेलं, एक टोक तापलेलं. आपल्याकडे ‘महाबळेश्वर, नागपूर’ म्हटल्यासारखं! फ्रेंच लोक साधारण अशाच पदार्थाला नॉर्वेजियन ऑम्लेट म्हणतात. ऑम्लेट!

आणि घोळ नेमका तिथेच होता.

"अंडं असेल ना गं?"

पहिली चूक, हे स्टेकहाउस आहे हे मी आईला सांगितलंच नव्हतं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, झुंबरं, कोट घातलेले वेटर बघून ती खूश झाली. मग शेजारच्या टेबलावर काय आलं ते बघून पदर नीट करून ताठ बसली. "बटाटा आहे ना? झालं तर मग," म्हणाली. बटाट्यावर आणि ब्रेडवर तिने वाढदिवस साजरा केला.

दुसरी चूक त्याहून मोठी. बेक्ड अलास्का आलं. पांढऱ्या तुऱ्यांचा छोटासा डोंगर, टोकाटोकांवर बदामी रंग. आईने डोळे भरून बघितलं आणि हळूच विचारलं, "अंडं असेल ना गं?"

असेल काय, वरचं सगळं अंडंच. जन्मभर जिच्या घरात अंडं आलं नाही, जिच्यामुळे बाबा इराण्याचा मावा केक स्टेशनवरच उभ्याने खाऊन, मिशा पुसून घरी यायचे, तिला मी हे कसं आणलं? एवढी मीटिंगची तयारी करणारी मी, एक साधी गोष्ट विसरले होते.

"तू खा. मी बघते," आई म्हणाली. मी खाल्लं. वरचं मेरिंग कोमट, मार्शमेलोसारखं. मग दाताला कचकन लागणारं केळ्याचं आइस्क्रीम, खाली जर्दाळूचा आंबट जॅम आणि केक. एकाच घासात ऊन आणि थंडी. चव भन्नाट होती, पण घशाखाली उतरत नव्हती.

परतताना पाथमध्ये आई म्हणाली, "माझं तिकीट जरा अलीकडे मिळतंय का बघशील? इथे तुला माझं ओझंच होतं."

मी "बघते" म्हटलं. आणि बघितलं नाही.

गोधडीचा फंडा

त्या रात्री मी एअरलाइनच्या साइटवर जाण्याऐवजी बिनअंड्याचं मेरिंग शोधत बसले. आणि काय सापडावं? छोल्यांचं पाणी! फ्रान्समधल्या जोएल रोसेलने २०१४ मध्ये दाखवलं की छोल्यांचं उकळलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं. २०१५ मध्ये गूस वोल्ट या अमेरिकन माणसाने नुसतं हे पाणी आणि साखर फेटून मेरिंग जमवलं, आणि त्याला ‘अक्वाफाबा’ हे नावही दिलं. हा वोल्ट कोण? सॉफ्टवेअर इंजिनीअर! मंडळी, कॉलर टाइट करा.

सकाळी आईला सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "मग त्यात नवल काय? कुकरच्या शिट्टीतून फसफसून बाहेर येतो तोच ना फेस? रिठ्यासारखा?" बरोब्बर! प्रथिनं आणि रिठ्यात असतात तसलीच फेसाळणारी सॅपोनिन्स, दोन्ही त्या पाण्यात उतरतात. इंटरनेटला जे २०१५ मध्ये कळलं ते आई वर्षानुवर्षं ओट्यावरून पुसत होती.

मग आइस्क्रीम ओव्हनमध्ये वितळत का नाही, हा तिचा प्रश्न. मी व्हाइटबोर्डवर असल्यासारखी सुरू झाले, की फेसात हवेचे लाखो बारीक बुडबुडे असतात, अडकून बसलेली हवा उष्णता फार हळू आत जाऊ देते, खालच्या केकच्या जाळीतही तेच... "म्हणजे गोधडी," आईने एका शब्दात प्रेझेंटेशन संपवलं. लहानपणी बर्फाची लादी लाकडाच्या भुशात, गोणपाटात गुंडाळून यायची, तिला सगळं आठवत होतं. या उलट्यासुलट्या खेळाची भुरळ शास्त्रज्ञांनाही पडली आहे. ऑक्सफर्डचे निकोलस कुर्ती यांनी १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात मायक्रोवेव्ह वापरून याचं उलटं रूप करून दाखवलं : बाहेरून गार, आतून गरम.

पहिला प्रयत्न : महापूर

शनिवारी जोरात सुरुवात केली. डब्यातल्या छोल्यांचं पाणी साखर घालून बारा मिनिटं बीटरने फेटलं. खरंच पांढरंशुभ्र, चमकदार, भांडं उलटं केलं तरी न पडणारं मेरिंग! आई दोन वेळा बोट घालून चाखून गेली. "छोल्याचा वास नाही हो."

केकवर आइस्क्रीम, त्यावर मेरिंग, आणि २३० अंशांच्या ओव्हनमध्ये. दोन मिनिटांत आमचा हिमालय खचायला लागला. अंड्याचं प्रथिन आचेने घट्ट होतं. हे पाणी तसं होत नाही, ते कडक आचेत ढासळतं. हे मला नंतर कळलं. तोवर पाक ओव्हनच्या तळाला, धूर छताला आणि अलार्म सगळ्या मजल्याला. आई टॉवेल घेऊन अलार्मला वारा घालतेय, मी खिडक्या उघडतेय, ओव्हनमधून आइस्क्रीम टपटप गळतंय... आणि दोघी हसतोय. बाबांच्या नंतर आईला असं पोट धरून हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

"पाक कच्चा होता," डोळे पुसत आई म्हणाली. "कच्च्या पाकाचे लाडू तरी बसतात का?"

दुसरा प्रयत्न : गोळीबंद

पुढच्या शुक्रवारी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना तिचा मेसेज आला : ‘आइस्क्रीम आणले.’ मी हबकलेच. कुठून? संध्याकाळी कळलं. बाई एकट्या खाली उतरल्या, पाथचं कार्ड टॅप केलं, एक स्टेशन जाऊन जर्नल स्क्वेअरला उतरल्या आणि न्यूअर्क अव्हेन्यूच्या देशी दुकानांच्या रांगेत शिरल्या. सुके काबुली चणे घेतले. आइस्क्रीमच्या डब्यांवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली, कारण फ्रेंच व्हॅनिला म्हटलं की इथे अंड्याचा बलक आलाच. शेवटी केशर-पिस्ता निवडलं. आणि डबा? "शालीत गुंडाळून आणला. जरासुद्धा पातळ झाला नाही."

"इंग्लिशमध्ये काही विचारलं का कुणी?"

"विचारलं ना. गुजरातीत."

या वेळी साखरेची सूत्रं आईकडे. थर्मामीटर ११८ अंश सांगतो म्हणजे काय, तर पाण्यात थेंब टाकला की बोटांत मऊ गोळी वळली पाहिजे. गोळीबंद पाक! तो उकळता पाक तिने बारीक धारेने फेसात सोडला, मी बीटर धरला. मेरिंग असं घट्ट झालं की चमचा उभा राहिला. ओव्हनला सुट्टी, छोट्या किचन टॉर्चने, खिडकी उघडी ठेवून, तुरे भाजले. अलार्म गप्प.

कापल्यावर आत केशरी-हिरवं, गोठलेलं, जसंच्या तसं. आईने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "ह्यांना आवडलं असतं." मग लगेच, "पण ह्यांना अंड्याचंच हवं असतं म्हणा."

आई नोव्हेंबरअखेर गेली, ठरल्या तारखेला. अलीकडच्या तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या पाच-सहा आठवड्यांत ती दर शुक्रवारी जर्नल स्क्वेअरला जात होती आणि फोडणी पुन्हा पूर्ण झाली होती. आधी खिडकी उघडायची, मग मोहरी.

परवा तिचा डोंबिवलीहून फोन होता. म्हणाली, "आज छोले केले होते. पाणी ठेवलंय फ्रीजमध्ये. तू कधी येतेस?"

तिकीट मी या वेळी खरंच बघितलं.

करून बघायचंय?

केक : दीड वाटी मैदा, १ वाटी दही, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. गार करून बोटभर जाडीची चकती कापा.

आइस्क्रीम : वाडग्याला आतून प्लास्टिक लावा, आइस्क्रीम दाबून भरा, वर केकची चकती ठेवा. रात्रभर फ्रीझरमध्ये. ही पायरी गाळलीत तर महापूर नक्की.

मेरिंग : काबुली चणे मीठ-सोडा न घालता शिजवा, पाण्यासकट रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. पाणी गाळून अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट होईपर्यंत आटवा आणि गार करा. पाऊण वाटी पाणी, पाव चमचा क्रीम ऑफ टार्टर घालून शुभ्र होईपर्यंत फेटा. पाऊण वाटी साखर आणि पाव वाटी पाण्याचा गोळीबंद पाक बारीक धारेने सोडत आणखी फेटा, भांडं गार होईपर्यंत.

शेवटी : वाडगं उलटं करा, प्लास्टिक काढा, मेरिंगचा जाड थर द्या. खालच्या कडेला फट नको! वाढायच्या क्षणी टॉर्चने भाजा. अंडं चालत असेल तर अंड्याचं मेरिंग २३० अंशांच्या तापलेल्या ओव्हनमध्ये ३ ते ५ मिनिटं छान टिकतं. मात्र तेवढ्यात अंडं आतपर्यंत शिजत नाही, म्हणून पाश्चराइज्ड अंडं घ्या.

आणि मूळ पदार्थच खायचा असेल तर : डेल्मोनिकोज, ५६ बीव्हर स्ट्रीट, लोअर मॅनहॅटन. टेबल आधी बुक करा. आणि आईला नेणार असाल, तर आधी विचारा!