नानांची प्लिमथ

आमच्या अम्मीच्या कपाटात नानांचा एक फोटो आहे. कडा पिवळ्या पडलेल्या, एक कोपरा दुमडलेला. नाना मुंबईत टॅक्सी चालवत. फोटोत ते आपल्या प्लिमथच्या बॉनेटवर हात ठेवून उभे आहेत, एखाद्या कर्त्या मुलाच्या खांद्यावर ठेवावा तसा. गाडी मूळची अमेरिकन. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ जोडल्या जात. "गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, म्हणून पुढे तिघं बसत. मागे चौघं. गाडी कसली, घरच होतं ते," असं नाना सांगत. जिथे ही गाडी जन्मली त्या मुलखाच्या रस्त्यावर एकदा ती हाकावी, ही त्यांची इच्छा होती. ती राहून गेली.

नाना गेल्यावर आम्ही त्या रस्त्यांविषयी मिळेल ते वाचू लागलो. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे घरोघरी मोठ्या गाड्या आल्या. शेवरोले, फोर्ड, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेल्या स्टेशन वॅगन. सुट्टी लागली की सारं कुटुंब निघे. शिकागोहून सँटा मोनिकापर्यंत जाणारा सुमारे ३,९०० किलोमीटरचा रूट ६६ लहान लहान गावांच्या मुख्य रस्त्यांवरूनच जाई. पेट्रोल पंप, खानावळ, मोटेल, गावाचं सारं पोट त्या रस्त्यावर. १९५६च्या कायद्याने नवे महामार्ग आले, ते गावांना वळसा घालून गेले, आणि कित्येक दुकानांना कुलपं लागली. आज त्या रस्त्याच्या आठवणी लोक प्रेमाने जपतात.

पण आठवण जपायची तर पुरी जपावी.

त्याच गाड्या काळ्या कुटुंबांकडेही होत्या. रस्ताही तोच. मात्र निघण्याआधी त्यांना डबा, पाणी, पांघरुणं, कधी पेट्रोलचा जादा कॅनही बरोबर घ्यावा लागे. प्रवासात डबा आमची अम्मीही देते, पण तो मायेचा. त्यांचा डबा नाइलाजाचा होता. वाटेतल्या खानावळीत जेवण मिळेल, मोटेलात खोली मिळेल याची खात्री नसे. काही गावांच्या वेशीवर तर पाटीच असे: काळ्यांनी सूर्यास्तापूर्वी गाव सोडावं.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने १९३६मध्ये एक छोटं पुस्तक काढलं. काळ्या प्रवाशाला कुठे जेवण मिळेल, कुठे गाडी दुरुस्त होईल, कुठे रात्र काढता येईल, त्याचे पत्ते. जिथे हॉटेल नसे तिथे साध्या घरांचे पत्ते असत. त्या घरांतली माणसं प्रवाशांना खोली देत. एक दिवस या पुस्तकाची गरजच उरणार नाही, अशी आशा ग्रीन यांनी त्यात लिहिली होती. १९६०मध्ये ते वारले. हॉटेल-खानावळींतला भेदभाव बंद करणारा कायदा १९६४मध्ये झाला. पुस्तकाची शेवटची आवृत्ती १९६६-६७ची.

हे वाचताना आम्हांला बी.एड.चं वर्ष आठवलं. परक्या शहरात खोली शोधत होतो. फोनवर खोली रिकामी असे. नाव सांगितलं की ती 'आत्ताच गेली' असे. अशा तीन खोल्या गेल्या. चौथ्या दारी एका आजींनी आमचं नाव नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "चहात साखर किती?" वर्षभर आम्ही तिथेच राहिलो. त्या आजींचा पत्ता कुठल्याही पुस्तकात नव्हता.

परवा आठवीच्या वर्गात नानांचा फोटो नेला. मुलं गाडीवर खूश. मग आम्ही ग्रीन यांच्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, पुस्तक बंद झालं, म्हणजे सगळं ठीक झालं ना?"

वर्ग आमच्याकडे बघत होता. हो म्हणवेना, नाही म्हणणं जिवावर आलं.

"काही दारं कायद्याने उघडतात, बेटा," आम्ही म्हणालो, "काही आतल्या माणसाला उघडावी लागतात."

मग खडू घेऊन फळ्यावर त्या दिवसाच्या निबंधाचा विषय लिहिला: आमच्या घरी आलेला मुसाफिर.