पिल्लू घरी आणण्याआधी



सुट्टी लागली की बऱ्याच घरांत एक हट्ट ठरलेला असतो. "आपण कुत्र्याचं पिल्लू आणूया ना!" मागच्या वर्षी आमच्याही घरात तो झाला. आम्ही हो म्हटलं, पण तयारीसाठी पंधरा दिवस मागून घेतले. त्या दिवसांत काय केलं ते सांगते. तुम्हाला उपयोग होईल.

पहिलं काम अंगणाचं. लेकीला सांगितलं, गुडघ्यांवर बस आणि पिल्लाच्या उंचीवरून सगळं बघ. उभ्यानं न दिसलेल्या सात जागा तिनं वहीत लिहून आणल्या. फाटकाच्या गजांतून पिल्लाचं डोकं शिरलं, तर ते बाहेर तरी पडतं किंवा अडकतं तरी. म्हणून फाटकाला खालून दोन फूट बारीक जाळी बांधली. कुत्री माती उकरतात, म्हणून कुंपणाच्या बुडाशी विटा पुरल्या. पाण्याच्या हौदाला झाकण केलं. उंदराचं औषध आणि खताची पिशवी माळ्यावर गेली.

झाडांचंही बघावं लागतं बरं का! कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो. शोभेच्या सायकसच्या बियांनी कुत्र्याचं यकृत निकामी होऊ शकतं. आमच्या कुंड्या गच्चीवर गेल्या. स्वयंपाकघरातला कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेटही कुत्र्याला चालत नाही. हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं, कारण प्रेमानं भरवणारे हात घरात अनेक असतात.

पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नये. पहिल्या लसी साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि ३-४ आठवड्यांच्या अंतराने पुढे १६ आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. नेमकं वेळापत्रक पशुवैद्यांकडूनच घ्या. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर मोकळं सोडू नका. पण घरात कोंडूनही ठेवू नका. सुमारे १४ आठवड्यांपर्यंतच्या वयात ते जगाची ओळख करून घेत असतं. आम्ही त्याला कडेवर घेऊन कुकरची शिट्टी, रिक्षा, शाळेला निघालेली मुलं असं सगळं ऐकवलं, दाखवलं.

आता शिकवण्याबद्दल. आमच्या फ्रीजवर एक कागद लावला: बस, ये, सोड, नाही. चारच शब्द, आणि सगळ्यांनी तेच वापरायचे. एक जण "बस" म्हणतो, दुसरा "सिट", तिसरा "खाली बस रे बाबा", तर पिल्लानं समजायचं काय? सांगितलेलं केलं की लगेच, एक-दोन सेकंदांत शाबासकी किंवा खाऊचा कण द्यायचा. उशीर झाला तर कशाबद्दल मिळालं, तेच त्याला कळत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर अंगणातल्या ठरलेल्या कोपऱ्यात न्यायचं. घरात शू झाली तर गुपचूप पुसायची. मारलं किंवा नाक घासलं, तर ते फक्त आपल्याला घाबरायला शिकतं.

सगळ्यात अवघड असतं ते जेवणाच्या वेळी. दहा वेळा "नाही" म्हणायचं आणि अकराव्यांदा पोळीचा तुकडा टाकायचा, हे बहुतेक घरांत होतं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग आपण डी.एड., बी.एड.ला वाचले आहेत. अधूनमधून फळ मिळणारी सवय सुटायला सर्वांत अवघड असते. मोबाईलसाठी रडणाऱ्या मुलाला अकराव्यांदा तो हातात देतो, तेव्हा आपण त्याला तेच शिकवत असतो.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. चौथीच्या वर्गात 'माझा आवडता प्राणी' हा निबंध घेतला होता. एका मुलानं शेवटी लिहिलं होतं, "तो ऐकत नव्हता म्हणून त्याला बाजारात सोडून आले." मी वही तपासली, शुद्धलेखनाच्या चुकांवर खुणा केल्या, पण त्या वाक्याखाली काय लिहावं ते मला सुचलं नाही. पाळीव प्राण्याला असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे खरंच. पण त्या मुलाच्या मनात काय राहिलं असेल? न ऐकणाऱ्याला घरातून काढतात, हेच ना?

म्हणून पालकहो, पिल्लू जरूर आणा. पण आधी घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांसकट, एकत्र बसवा. त्याला फिरवणार कोण, भरवणार कोण, परीक्षेच्या दिवसांत बघणार कोण, हे कागदावर लिहा. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. आज चौथीत असलेलं मूल तोवर कॉलेजात गेलेलं असेल. हे सगळं मुलांसमोर बोला. एवढं ठरत नसेल तर "अजून नाही" असं स्पष्ट सांगा. मुलं रुसतील, पण समजून घेतील.